काळा धागा, हिरवा पडदा

१९३७ साली विजय भट्टांच्या ‘ख्वाब की दुनिया’ या सिनेमात एक माणूस अदृश्य झाला. विजय आणि शंकरभाई या भट्ट भावांची प्रकाश पिक्चर्स ही कंपनी अंधेरीची. अंधेरीला तेव्हा मेट्रो नव्हती, मॉल नव्हते, रिक्षाही नव्हत्या. बोलपट आल्यावर स्टुडिओंना शांतता हवी झाली आणि ती शहरात मिळेना. उपनगरात मोकळी जमीन होती, रेल्वे होती. मालाडला १९३४ मध्ये बॉम्बे टॉकीज उभी राहिली, नंतर गोरेगावला फिल्मिस्तान आली, अंधेरीत तर स्टुडिओंची रांगच लागली. आज ज्या पट्ट्यात आम्ही सॉफ्टवेअरवाले लोक दुपारी डबे उघडतो, तिथे नव्वद वर्षांपूर्वी माणसं गायब करायचे धंदे चालायचे.

विजय भट्टांनी ‘द इन्व्हिजिबल मॅन’ हा १९३३ चा अमेरिकन सिनेमा आपल्या कंपनीतल्या एका पोराला दाखवला आणि विचारलं, हे तुला जमेल का? पोराचं नाव बाबूभाई मिस्त्री. मूळचा सुरतचा, वय अठरा-एकोणीस. शाळा फार झालेली नव्हती. त्याने काळा पडदा लावला आणि काळ्या धाग्याने वस्तू हलवल्या. काळ्यावर काळं कॅमेऱ्याला दिसत नाही, त्यामुळे वस्तू आपोआप हलताना दिसल्या. लोकांनी त्याचं नावच ‘काला धागा’ ठेवलं. पुढे हाच माणूस ‘संपूर्ण रामायण’ (१९६१) आणि ‘महाभारत’ (१९६५) दिग्दर्शित करणार होता. तुमच्या आजी-आजोबांनी पडद्यावर राक्षस, उडणारे देव आणि बाणातून निघणारी आग पाहिली असेल, तर त्यातला बराच भाग या माणसाच्या किंवा त्याच्या हाताखाली शिकलेल्यांच्या खात्यावर जमा आहे.

मी हे सगळं शोधायला लागलो कारण गेलं वर्षभर मी कंपोझिटिंग शिकतोय. म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेल्या खऱ्या चित्रात कॉम्प्युटरने बनवलेली वस्तू अशी बसवायची, की ती तिथे होतीच असं वाटावं. मी इंजिनिअर, त्यामुळे मला आधी सूत्र लागतं. सूत्र फार सोपं निघालं. प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे असतात, त्यांच्यासोबत चौथा आकडा ठेवायचा : हा पिक्सेल किती झाकतो? शून्य म्हणजे आरपार, एक म्हणजे पूर्ण झाकलेला. याला अल्फा म्हणतात. एड कॅटमल आणि अल्वी रे स्मिथ यांना न्यूयॉर्कमध्ये सत्तरच्या दशकाच्या अखेरीस ही कल्पना सुचली. १९८४ मध्ये थॉमस पोर्टर आणि टॉम डफ या दोघांनी तिचं गणित मांडलं. मागच्या चित्राला ‘एक वजा अल्फा’ने गुणा आणि त्यात पुढचं चित्र मिळवा. झालं. तुमच्या फोनवरचा प्रत्येक स्टिकर, प्रत्येक रीलवरची अक्षरं याच एका ओळीवर चालतात.

पण हे सूत्र कागदावर येण्याच्या सत्तर वर्षं आधी आपल्याकडे लोक हे हाताने करत होते.

दादासाहेब फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’चा (१९१३) जो भाग आज उरला आहे, तो यूट्यूबवर आहे. त्यात विश्वामित्राच्या यज्ञातल्या ज्वाळांमध्ये तीन शक्ती अडकलेल्या दिसतात. आग आणि बायका (म्हणजे बायकांच्या वेषातले पुरुष) एकाच फ्रेममध्ये. अशा दृश्यांची तेव्हाची पद्धत साधारण अशी असे : फिल्मवर आधी एक चित्र घ्यायचं. मग लेन्स झाकून फिल्म कॅमेऱ्यातच मागे फिरवायची आणि त्याच तुकड्यावर दुसरं चित्र घ्यायचं. फिल्मवर जिथे काळं पडतं तिथे उजेड पोचलेलाच नसतो, तो भाग कोरा राहतो आणि दुसऱ्या वेळी भरता येतो. काळं म्हणजे रिकामी जागा. काळं म्हणजे अल्फा शून्य! बाबूभाईंचा काळा पडदा आणि पोर्टर-डफचं शून्य यांच्यात फरक आहे तो वेळेचा. एका ठिकाणी चूक झाली तर कंट्रोल-झेड, दुसऱ्या ठिकाणी सगळी फिल्म फुकट.

कॅमेरा हाताने फिरवायचा असे. दांड्याच्या एका फेऱ्यात साधारण आठ फ्रेम. दुसरं चित्र नेमकं पहिल्यावर बसवायचं तर फेरे मोजावे लागत. फाळक्यांचे कॅमेरामन त्र्यंबक तेलंग हँडल फिरवताना मनात आकडे म्हणत असतील असं मी उगाचच चित्र रंगवतो. आम्ही आता त्याला टाइमकोड म्हणतो.

आता जरा एका बारीक गोष्टीपाशी थांबतो, कारण ती मला कुठल्याच ‘भारतीय सिनेमाचे जनक’छाप लेखात सापडली नाही. एकाच फिल्मवर दोनदा चित्र घ्यायचं तर फिल्म दोन्ही वेळा तंतोतंत त्याच जागी यायला हवी. ती जागेवर कशाने येते? कडेच्या भोकांनी. कॅमेऱ्याचे दात त्या भोकांत अडकतात. भोकं केसभर इकडेतिकडे पडली, तर साध्या दृश्यात चित्र किंचित थरथरतं आणि कोणाच्या लक्षात येत नाही. दोनदा घेतलेल्या दृश्यात मात्र आग एका तालात थरथरते, माणूस दुसऱ्या, आणि जादू तिथेच संपते. फाळक्यांकडे कच्ची फिल्म भोकं न पाडलेली यायची. भोकं पाडायचं यंत्र त्यांनी १९१२ मध्ये लंडनहून कॅमेऱ्यासोबत आणलं होतं. आणि दादरच्या घरात, रात्री, अंधारात ती भोकं पाडायच्या त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई. दिवसा सबंध युनिटचा स्वयंपाक, शूटिंगच्या वेळी उजेड परतवायला पांढरी चादर धरून उन्हात उभं राहायचं आणि रात्री हे.

परेश मोकाशींच्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’त (२००९) हे घर छान दिसतं. पण एरवी सरस्वतीबाईंचं नाव येतं ते दागिने देणारी बायको म्हणून. तांत्रिक भाषेत सांगायचं तर फाळक्यांच्या प्रत्येक ट्रिकचं रजिस्ट्रेशन त्यांच्या हातात होतं. फाळक्यांचं मोठेपण मला कमी करायचं नाही. त्यांनी जादूचे प्रयोग शिकले होते आणि स्वतःचं नाव उलटं करून ‘प्रोफेसर केल्फा’ म्हणून जादूचे खेळही केले होते. एवढा खट्याळ पूर्वज कोणाला नको? पण जादूगाराच्या टेबलामागे कोण बसलंय ते प्रेक्षकांनी पाहायचं नसतं. शंभर वर्षांनंतर तरी पाहायला हरकत नसावी.

त्यानंतरची गोष्ट पटकन सांगतो. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झालेले दामले आणि फत्तेलाल पुढे प्रभातमध्ये गेले. त्यांनी १९३६ मध्ये ‘संत तुकाराम’ केला. तुकोबांना न्यायला आलेलं विमान आज पाहिलं तर भाबडं वाटेल, पण खाली उभ्या असलेल्या जिजाईचा चेहरा पाहताना विमानाची शिवण शोधायचं भान राहत नाही. कंपोझिटिंगचा सगळ्यात मोठा धडा मला तिथे मिळाला, कुठल्याही ट्यूटोरियलमध्ये नाही. आणि १९८७ चा ‘मिस्टर इंडिया’. त्यातल्या ट्रिक पीटर परेरा यांच्या. कॉम्प्युटर नव्हता. मास्क, पुन्हा पुन्हा घेतलेली चित्रं आणि धागे. ‘इन्व्हिजिबल मॅन’ पाहून अंधेरीच्या कंपनीत सुरू झालेलं काम पन्नास वर्षांनी पुन्हा अदृश्य माणसापाशीच येऊन पोचलं.

आता माझं. मी सरावासाठी एक शॉट ठरवला. अंधेरी पूर्वेला स्टेशनबाहेर आगरकर चौक आहे. तिथून सीप्झला जाणारी ४१५ नंबरची बस म्हणजे मुंबईतल्या जुन्या लाल, बिनएसी डबलडेकरचा शेवटचा मार्ग. १५ सप्टेंबर २०२३ ला ती शेवटची धावली. मला ती बस परत चौकात आणायची होती. फोनवर सहा सेकंदांचं चित्रीकरण केलं. सेकंदाला पंचवीस फ्रेमप्रमाणे दीडशे फ्रेम. बस ब्लेंडरमध्ये बनवली. ब्लेंडर फुकट आहे, आणि त्याच्या लोकांनी २०१२ मध्ये ‘टियर्स ऑफ स्टील’ नावाची छोटी फिल्म करून तिचं मूळ हिरव्या पडद्यावरचं चित्रीकरणही सरावासाठी खुलं केलंय. ज्यांना शिकायचंय त्यांनी तिथून सुरुवात करावी.

शिकवणारा माझा मावसभाऊ. वयाने पाच वर्षांनी मोठा, म्हणून दादा. तो मुलुंडला राहतो, मी बोरिवलीला, म्हणजे रविवारी एकमेकांकडे जायचं तर अर्धा दिवस रस्त्यात. दादा नऊ वर्षं रोटो आर्टिस्ट होता.

माझी पहिली बस चौकात तरंगत होती. दादा म्हणाला, “अरे, टायरखालचा काळोख कुठंय?” चाक जिथे रस्त्याला टेकतं तिथे एक अगदी बारीक, गडद सावली असते. ती नसली की हत्तीसुद्धा फुगा वाटतो. ती घातली, तरी बस चिकटवल्यासारखी दिसेना का! “तुझा काळा फार काळा आहे,” दादा म्हणाला. मुंबईच्या हवेत धूळ, धूर आणि दमट वाफ असते. वीस मीटरवरची सावलीसुद्धा काळी नसते, राखाडी असते. कॉम्प्युटरच्या बसभोवती हवाच नव्हती. मी बसच्या काळ्या रंगात अंधेरीची धूळ मिसळली आणि ती एकदम रस्त्यावर उतरली. बाबूभाईंना काळा शंभर टक्के काळा हवा होता, मला तोच काळा मळवायचा होता.

मग रिक्षा. चौथ्या सेकंदाला एक रिक्षा कॅमेऱ्यासमोरून जाते. बस तिच्या मागे जायला हवी, म्हणजे प्रत्येक फ्रेममध्ये रिक्षाची बाह्यरेषा हाताने काढून तिचा मास्क करायला हवा. यालाच रोटो म्हणतात. मॅक्स फ्लाइशर या अमेरिकन माणसाने १९१५ मध्ये चित्रीकरणावरून एकेक फ्रेम गिरवायचं यंत्र काढलं, त्याचं नाव रोटोस्कोप. गेली पंधरा-वीस वर्षं जगातल्या मोठमोठ्या सिनेमांचं हे गिरवण्याचं काम फार मोठ्या प्रमाणात भारतात येतं. २०१० चा ‘क्लॅश ऑफ द टायटन्स’ साध्या चित्रीकरणातून थ्रीडी केला, तो प्राइम फोकस या मुंबईच्या कंपनीने. थ्रीडी करायचं तर फ्रेममधली प्रत्येक वस्तू आधी कापून वेगळी काढावी लागते. केसांसकट. हे काम कोणीतरी, कुठल्यातरी शिफ्टमध्ये, रात्री अंधारात बसून केलेलं असतं.

दादाने नऊ वर्षांत ज्या परदेशी सिनेमांवर काम केलं, त्यातल्या दोनच सिनेमांच्या शेवटी त्याचं नाव आहे. मावशीने त्या दोन्ही ठिकाणी टीव्ही थांबवून फोटो काढून ठेवलेत.

गेल्या वर्षी तो जिथे काम करत होता तिथलं त्याचं कंत्राट पुढे वाढलं नाही. कारण सगळ्यांना माहीत आहे. आता माणसाच्या किंवा रिक्षाच्या अंगावर एक क्लिक केलं की प्रोग्रॅम स्वतःच मास्क काढतो. हेही सांगायला हवं की मी नोकरीत जे लिहितो ते याच जातीचं सॉफ्टवेअर आहे. सिनेमासाठी नाही, दुकानांच्या फोटोंमधला माल मोजण्यासाठी. पण गणित तेच, कडा शोधायचं. आमच्या घरच्या गणपतीत दोन टेबलांच्या दोन बाजूंना बसून आम्ही मोदक खाल्ले, आणि माझ्या कामाबद्दल मावशीने काही विचारलं नाही. पूर्वी विचारायची.

मला काय वाटतं? यंत्राने कंटाळवाणं काम केलं तर बरंच झालं, असं मी कॉलेजात बिनदिक्कत म्हणायचो आणि आजही त्यात तथ्य आहे. सरस्वतीबाईंना कोणी तयार भोकांची फिल्म आणून दिली असती, तर त्या नको म्हणाल्या असत्या असं वाटत नाही. त्यांना झोप मिळाली असती. पण त्यांना ती झोप पगाराच्या बदल्यात मिळाली नसती, कारण पगार मुळात नव्हताच. दादाला होता. मुलुंडच्या फ्लॅटचा हप्ता त्यातून जायचा. तंत्रज्ञानाच्या इतिहासात आपण ‘आधी हाताने करत, मग यंत्राने’ असं एका वाक्यात लिहून मोकळे होतो. त्या स्वल्पविरामात माणसं राहतात.

सध्या दादा दोन ठिकाणी शिकवतो आणि यंत्राने काढलेले मास्क दुरुस्त करायचं सुटं काम घेतो. पैसे फ्रेमवर मिळतात, पूर्वीपेक्षा कमी.

माझ्या रिक्षाचा मास्क मी आधी यंत्राकडून काढून घेतला. एकोणचाळीस फ्रेम, अर्ध्या मिनिटात. मला ठीक वाटला. दादाने लॅपटॉप स्वतःकडे ओढला, चित्र चारपट मोठं केलं आणि फ्रेम पुढे-मागे करत राहिला. रिक्षाच्या मागच्या बाजूला रेक्झिनचा एक सुटलेला तुकडा वाऱ्यावर फडफडत होता. यंत्राने तो कधी रिक्षात धरला होता, कधी बसमध्ये. “हे बघ, इथे तुझी बस रिक्षाला चावतेय,” तो म्हणाला. मग त्याने तो तुकडा वेगळा आकार म्हणून काढला. पहिली फ्रेम, शेवटची फ्रेम, मग मधली, मग त्यांच्या मधल्या. हलणारी कड किंचित धूसर ठेवली, कारण फोनच्या कॅमेऱ्यात ती तशीच आली होती. मावशीने दोनदा जेवायला हाक मारली. त्याने मान न वळवता विचारलं, “सत्याऐंशीव्या फ्रेमला हा तुकडा दुमडलाय का फाटलाय? तू होतास ना तिथे?”

मला आठवत नव्हतं. आम्ही मूळ चित्रीकरण काढून पुन्हा पाहिलं. दुमडला होता.