जिन्याखालची जागा आणि आपली पुस्तके

डच भाषेत जिन्याखालच्या कपाटाला स्वतंत्र नाव आहे, ट्रापकास्ट. घर दाखवायला आलेला दलाल बैठकीच्या खोलीइतक्याच अभिमानाने ते उघडून दाखवतो. मराठीत तसा रुळलेला शब्द नाही. फडताळ, कोनाडा, देवळी, बळद, माळा, पोटमाळा अशी घरातल्या एकेका पोकळीला नावे देणारी आपली भाषा, पण जिन्याखाली नुसती ‘अडगळ’! असे का झाले असावे? मला वाटते, उत्तर आपल्या जुन्या घरांच्या बांधणीत आहे.

पुण्याच्या जुन्या वाड्यांत जिना बहुधा जाड भिंतीच्या पोटातूनच वर चढे. अरुंद, अंधारा आणि उंच पायऱ्यांचा; चढताना एक हात भिंतीला आणि डोके सांभाळून. जिनाच भिंतीत, तेव्हा त्याच्याखाली जागा उरणार कुठून? पोथ्या आणि कागदपत्रे फडक्यात बांधून फडताळात जात. पेशवे दफ्तरातले कागद आजही ‘रुमालां’च्या हिशेबात बोलले जातात, ते याच सवयीमुळे. त्या रुमालांसाठी पुण्यात १८९१ मध्ये स्वतंत्र इमारत उभी राहिली.

मुंबईच्या चाळीत गोष्ट उलटी. तिथे जिन्याखाली जागा होती, पण ती कोणा एकाची नव्हती. सायकली, पाण्याचे मीटर, कुणाची तरी वळकटी, आणि जिना रस्त्याला लागून असेल तर एखादा घड्याळजी किंवा किल्लीवाला. फोर्टमधल्या सर फिरोजशहा मेहता रस्त्यावर ‘स्मोकर्स कॉर्नर’ नावाचे पुस्तकांचे दुकान इमारतीच्या प्रवेशदालनातच थाटलेले होते. येणारा-जाणारा पुस्तकांच्या मधूनच वर जाई. चाळीतल्या भाडेकरूला मात्र ही चैन नव्हती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१२ पासून सुमारे बावीस वर्षे परळच्या बीआयटी चाळीत दोन खोल्यांत राहिले. ग्रंथ वाढत गेले, खोल्या तेवढ्याच. अखेर दादरच्या हिंदू कॉलनीत १९३० नंतरच्या दोन-तीन वर्षांत त्यांनी ‘राजगृह’ बांधले, तेव्हा ग्रंथालयाची जागा आधी डोळ्यांसमोर ठेवूनच. आपल्याकडे पुस्तकांसाठी घर बांधल्याचे याहून ठळक उदाहरण मला तरी आठवत नाही. आपल्यासारख्यांनी काय करायचे, हा प्रश्न मात्र त्याने सुटत नाही.

आता अ‍ॅमस्टरडॅमकडे येऊ. कालव्याकाठची जुनी घरे चिंचोळ्या भूखंडांवर उभी आहेत. जमीन कमी, म्हणून जिनाही शिडीसारखा उभा. इतका की सामान वर न्यायला घराच्या माथ्यावर तुळई आणि हुक लावून ते खिडकीतून घ्यावे लागते. या चणचणीत जिन्याखालचा कोपरा मोकळा सोडणे परवडणारे नव्हते. त्याला दार लागले, केरसुण्या-बादल्या आत गेल्या, आणि नाव मिळाले. पण या शहरातले जिना आणि पुस्तकांचे सर्वांत प्रसिद्ध नाते अगदी वेगळे आहे. प्रिन्सेनग्राख्तवरील २६३ क्रमांकाच्या इमारतीत फ्रँक कुटुंब जुलै १९४२ मध्ये लपले. ऑगस्टमध्ये योहान व्होस्कुइल यांनी मागच्या घराकडे जाणाऱ्या वाटेवर बिजागऱ्यांवर फिरणारे एक पुस्तकांचे कपाट बसवले. कपाट दिसावे आणि त्याच्यामागचा जिना दिसू नये, अशी ती योजना. ४ ऑगस्ट १९४४ रोजी धाड पडली. ते कपाट आजही तिथे आहे. पाहुण्यांना तुम्ही सगळेच घेऊन जात असाल.

झुइडओस्टला या सगळ्याचा वारसा मिळाला नाही, कारण इथे जुने काही नव्हतेच. पोल्डरच्या जमिनीवर बाइल्मरच्या उंच इमारती उभ्या राहिल्या आणि १९६८ च्या अखेरीस पहिले रहिवासी आले. सज्जे, हिरवळ, ऊन, वाहने वेगळ्या उंचीवरून. कागदावर काहीच कमी नव्हते. अडगळीची सोयही मोठ्या विचाराने केली होती. प्रत्येक घराची कोठाराची खोली तळमजल्यावर, ओळीने. म्हणजे जिथे माणसांची वर्दळ हवी, तिथे बंद दारांच्या रांगा आणि अंधार. तिथे चोऱ्या होऊ लागल्या आणि लोक संध्याकाळी तिकडे जाईनासे झाले. मंडळातल्या एका ज्येष्ठ सभासदांची मराठी पुस्तकांची चार खोकी अशाच एका कोठारात होती. दहा वर्षांनी ती उघडली तेव्हा पुस्तकांच्या विटा झाल्या होत्या. ‘खाली आहेत, सुरक्षित आहेत’ असे ते दरवर्षी सांगत असत.

पुढे १९९० च्या दशकापासून बाइल्मरचा मोठा भाग पाडून नव्याने बांधला गेला. क्लाइबुर्ग ही सुमारे पाचशे घरांची इमारत तेवढी मूळ रूपात वाचली. तिच्या दुरुस्तीत वास्तुकारांनी एक साधी गोष्ट केली. कोठारे उचलून वरच्या मजल्यांवर, घरांच्या जवळ नेली आणि तळमजल्यावर माणसांना राहायला घरे दिली. २०१७ मध्ये त्या कामाला युरोपीय संघाचा मीस व्हान डेर रोह पुरस्कार मिळाला. पुरस्कार काही कोठारांसाठी नव्हे, पण माझ्या मते त्यातली अर्धी अक्कल त्या कोठारांतच आहे.

आपल्यापैकी बरेचजण राहतात ते गास्परडॅममध्ये. होलेंड्रेख्त, रायगर्सबोस, गाइन ही वस्ती १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून उंच इमारतींना कंटाळून बांधलेली. १९७७ मध्ये मेट्रो आली, १९८२ मध्ये गाइनपर्यंत पोचली. इथल्या ओळीच्या घरांत जिना आहे आणि जिन्याखाली ट्रापकास्टही आहे. आमच्याही घरात होते. दार होते म्हणून व्हॅक्यूम क्लीनर, कांद्याची पिशवी, मुलांचे स्केट आणि मराठी पुस्तके, सगळे एकाच अंधारात.

सुताराने सुचवले होते चाकांवरचे उभे खण, ओढले की बाहेर येणारे. दिसायला झकास, पण एक मीटर पुस्तकांचे वजन वीस-पंचवीस किलो भरते. पाच-सहा मीटर पुस्तके भरलेला खण रोज कोण ओढणार? शिवाय खण म्हणजे पुन्हा दारच! म्हणून मी खोलीचीच वाटणी केली. जिना सुमारे ऐंशी सेंटिमीटर रुंद. त्यातले तीस मार्गिकेच्या बाजूने उघड्या फळ्यांना, उरलेले पन्नास मागच्या दाराने घरसामानाला. आपली कादंबरी डेमी आकाराची, साडेएकवीस-बावीस सेंटिमीटर उंच, म्हणून दोन फळ्यांत चोवीसचे अंतर. उताराच्या टोकाशी उरणाऱ्या त्रिकोणात दिवाळी अंक आडवे. १९०९ मध्ये ‘मनोरंजन’ने सुरू केलेली ही परंपरा कोणत्याही कपाटाच्या मापात बसत नाही, ती त्रिकोणात बसली.

काही गोष्टी मात्र करणाऱ्याने पाहून घ्याव्यात. घराखालच्या पोकळीत उतरायचे झाकण पुष्कळदा ट्रापकास्टच्या जमिनीतच असते; त्यावर पुस्तके रचू नयेत. त्या पोकळीतून ओल येते. तिकडे वाळवी आणि कसर, इकडे बुरशी. सत्तरीतला स्वस्त कागद कशानेच टिकत नाही. खालची फळी जमिनीपासून दहा सेंटिमीटर वर आणि पाठीमागे हवेला दोन बोटे जागा असावी. भिंतीची फळी नुसता पडदा आहे की जिन्याला टेकू देते, हे सुताराला विचारूनच ती काढावी, आणि घर भाड्याचे असेल तर मालक संस्थेची लेखी परवानगी घ्यावी. जिना ही आगीत बाहेर पडायची वाट असते, हेही विसरू नये. धूर ओळखणारे यंत्र १ जुलै २०२२ पासून प्रत्येक घरात, प्रत्येक मजल्यावर सक्तीचे आहे.

आमची मुलगी मराठी बोलते, पण अक्षर लावून वाचते. फळ्या उघड्या झाल्यावर ती खालच्या पायरीवर बसून बूट घालताना पुस्तकांच्या पाठी वाचू लागली. नाव मोठ्याने म्हणायचे आणि विचारायचे, ‘बाबा, हे कशाबद्दल आहे?’ काहींचे मला सांगता आले, काही मी मग पुन्हा वाचली. शेजारच्या सुरिनामी आजी येतात तेव्हा देवनागरी पाहून थांबतात. त्यांच्या घरी रामचरितमानस आहे; त्यांना मराठी येत नाही, पण अक्षरे सगळी येतात.

१९७० आणि ८० च्या दशकांत आलेली आपली पिढी आता लहान घरांत जात आहे, काहीजण मुलांकडे, काही कायमचे पुण्याला. दर महिन्याला कुणाचा ना कुणाचा फोन येतो की पुस्तकांचे काय करू. आमच्या फळ्यांवर अजून दीड मीटर जागा आहे. खोकी कागदाच्या रद्दीच्या डब्यात टाकण्यापूर्वी एकदा विचारा. आणि ज्यांच्या घरी ट्रापकास्ट आहे त्यांनी आपली मापे कळवावीत, म्हणजे कोणाची पुस्तके कुठे मावतील ते ठरवता येईल.