निळा धूर

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात माणूस एक तर घाटावरचा, नाहीतर घाटाखालचा. मधली अजिंठ्याची रांग नकाशात केसाएवढी. आजीच्या गोष्टींत मात्र ती सदा धुमसत असायची.

कोळसा म्हटला की लोकांना वणी, घुग्घुस, बल्लारपूर आठवतं. इथं कितीही खणा, काळा पाषाणच लागतो. आमचा कोळसा लाकडाचा, लोणारी. आजीचे वडील ठेकेदाराकडे पोती मोजायला होते, म्हणून तिचं लहानपण भट्टीवाल्यांच्या पालांजवळ गेलं. धावड्या-अंजनाची लाकडं रचायची, वर पाला, त्यावर ओली माती थापायची. मग आत विस्तव घालायचा आणि त्याला पेटू द्यायचं नाही! रात्रंदिवस राखण त्याचीच. "पांढरा धूर हाये तवर लाकूड रडते," आजी सांगे. "निळा झाला का समजायचं, आता कोळसाच जळाले लागला." मग भराभरा भोकं बुजवायची. एखादी भेग नजरेतून सुटली की सकाळी नुसती राख, आणि उचल अंगावर. सगळं नीट जमलं तरी पाच मण लाकडाचा जेमतेम मणभर कोळसा.

तो खाली खामगावात जाई, लोहारांकडे, चांदीच्या कारागिरांकडे. खामगावच्या चांदीचं कौतुक गावोगाव. निखाऱ्याचं कोण करतो?

दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल रेशनवर गेलं आणि मोटारीही कोळसा खाऊ लागल्या. हा भाग आजोबांचा. गाडीच्या मागे बंबासारखं पिंप, क्लीनर हातानं पंखा फिरवून निखारे फुलवणार, तोवर उतारू झाडाखाली. त्या गॅसला पेट्रोलचा जोर कुठला! मलकापूरहून येताना राजूर घाटात सगळ्यांनी उतरून ढकलायचं. एकदा म्हणे बाशिंग बांधलेला नवरदेवही ढकलायला लागला आणि वर पोचेपर्यंत कोळशासारखा झाला. तो नवरदेव आजोबाच असावेत, असा माझा जुना संशय आहे. आजी यावर फक्त पदर तोंडाला लावायची.

1997 मध्ये ज्ञानगंगा अभयारण्य झालं. त्यानंतर एकदा बोथ्याच्या रस्त्यानं जाताना आजीनं गाडी थांबवायला लावली. "हे भट्टीची जागा." मला तरोट्याशिवाय काही दिसलं नाही.

2019 मध्ये टिपेश्वरचा एक वाघ शेकडो कोस चालत याच जंगलात आला. तेव्हा आजी नव्हती. भट्टी धुमसत असली की वाघ जवळ फिरकत नाही, हे तिचंच म्हणणं.