भंगारात दडलेला इतिहास

कोरेगावातून बाहेर पडताना रस्त्याकडेला एक भंगाराचे दुकान लागते. परवा तेथे थांबलो, तेव्हा मोडकी सायकल, पंपाचे कवच, उसाच्या चरकाची लाट आणि लोखंडी नांगराचा फाळ एकाच ढिगात पडलेले दिसले. दुकानदाराच्या लेखी बीड वेगळे, पोलाद वेगळे, तांबे वेगळे. त्यापुढे प्रत्येक वस्तूची ओळख एकच, ती म्हणजे वजन. हे पाहून आम्हांला काही वर्षांपूर्वी पाहिलेल्या रस्त्याकडेच्याच एका वेगळ्या ढिगाची आठवण झाली.

अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात बाराबू गावाजवळ, हमरस्त्यालगत भंगारातून घडवलेल्या शिल्पांचे एक उद्यान आहे. ते उभारणारे टॉम एव्हरी (१९३८–२०२०) जुने कारखाने पाडून त्यांतील सामान विकण्याचा धंदा करीत. १९८३ च्या सुमारास त्यांनी तो थांबवला आणि साठवलेल्या यंत्रभागांतून शिल्पे जोडू लागले. त्यांतील मुख्य शिल्प 'फॉरेव्हरट्रॉन' सुमारे ५० फूट उंच, १२० फूट रुंद आणि ३०० टन वजनाचे आहे. एक कल्पित संशोधक या यंत्रात बसून आकाशात झेपावणार, अशी त्यामागची गमतीदार कथा. पण आम्ही अधिक वेळ रेंगाळलो ते सुट्या भागांपाशी. १८८० च्या दशकातील एडिसनच्या बनावटीचे दोन डायनामो त्यात आहेत. अपोलो चांद्रमोहिमांच्या काळातील निर्जंतुकीकरण कक्षही आहे. समोरच दुसऱ्या महायुद्धासाठी १९४२ मध्ये उभारलेल्या दारूगोळ्याच्या कारखान्याची जागा आहे. तो कारखाना आता पाडला गेला आहे. शिल्पातले डायनामो मात्र आजही डायनामो म्हणून ओळखता येतात. जोडलेल्या भागाचा आकार टिकतो आणि आकाराबरोबर त्याचा इतिहासही.

याच्या अगदी उलट घटना आपल्याच भागात घडली आहे. कोरेगावहून रेल्वेने मिरजेकडे निघालो, की वाटेत किर्लोस्करवाडी लागते. या स्टेशनाचे पूर्वीचे नाव कुंडल रोड. औंध संस्थानच्या अधिपतींनी येथील माळरान दिले आणि १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी तेथे कारखाना उभारला. त्याआधी, १९०३ मध्ये, त्यांनी लोखंडी नांगर तयार केला होता. लोखंडाने जमीन विषारी होईल, या भीतीने शेतकरी सुरुवातीला तो घ्यायला तयार नव्हते. पुढे नांगराला मागणी आली, पण पहिल्या महायुद्धात कच्चे लोखंड मिळेनासे झाले. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानातील जुन्या तोफा लक्ष्मणरावांना दिल्या. त्या वितळवून नांगर झाले, ही हकीकत आपल्याकडे प्रसिद्ध आहे.

तोफेचा नांगर होऊ शकतो यामागे साधे रसायनशास्त्र आहे. बिडात कार्बनचे प्रमाण सुमारे २ ते ४ टक्के असते. त्यामुळे ते साधारण १२०० अंश सेल्सियसला वितळते. शुद्ध लोखंडाला १५३८ अंश लागतात. म्हणून बिडाचा तुकडा कोळशाच्या भट्टीत पुन्हा पातळ करून नव्या साच्यात ओतणे तुलनेने सोपे. मात्र हाच कार्बन वेल्डिंगला अडचण करतो. जोडाजवळचे बीड तापून भरभर थंड झाले, की ठिसूळ होऊन तडकते. बीड ओतण्याला सोयीचे, जोडण्याला अवघड.

मग तोफा वितळवल्या हे चुकले काय? आम्हांला तसे वाटत नाही. दुर्भिक्षाच्या काळात निकामी तोफेपेक्षा शेतातला नांगर मोलाचा होता. आजही भंगार पुन्हा वितळवायला खनिजापासून लोखंड काढण्यापेक्षा पुष्कळच कमी ऊर्जा लागते. तेव्हा सगळे भंगार शिल्पांत अडकवणे शहाणपणाचे नाही. पण किंमत कशाची मोजतो, हे ठाऊक असावे. तोफ वितळली, की तिच्यावरची अक्षरे, नळीचे माप, घडणीच्या खुणा परत मिळत नाहीत. धातू अनेकदा वापरता येतो, पुरावा एकदाच.

शिक्षकांना येथे करण्यासारखे पुष्कळ आहे. विद्यार्थ्यांना घेऊन गावातल्या भंगाराच्या दुकानात एक तास घालवावा. दुकानदाराची परवानगी घ्यावी, धारदार वस्तूंना हात लावू देऊ नये. प्रत्येक गटाने एक वस्तू निवडून तिचे चित्र काढावे, मापे घ्यावीत, चुंबक लावून पाहावा. कोरलेले नाव, क्रमांक किंवा साल उतरवून घ्यावे. मग घरी जाऊन आजोबा-आजींना विचारावे, हे कोण वापरत असे, केव्हा आणि का थांबले? मोटेचे चाक, चरक, डिझेल इंजिन यांच्या अशा नोंदी एकत्र आल्या, की गावाच्या पाण्याचा आणि पिकांचा इतिहास वर्गातच तयार होईल.

कोरेगावच्या त्या दुकानात आम्ही फाळ उचलून पाहिला. टोक झिजून बोथट झाले होते. झीज एका बाजूला अधिक होती. म्हणजे तो बराच काळ जमिनीत चालला असणार. ज्या नांगरांसाठी एके काळी तोफा वितळल्या, ते नांगर आता स्वतःच भट्टीच्या वाटेवर आहेत. त्यांतला एखादा तरी, कागदावरच्या नोंदीसह, शाळेच्या व्हरांड्यात ठेवायला हरकत नसावी.