नर-मादी होण्याआधी

घरात मूल जन्मलं की पहिला प्रश्न ठरलेला: मुलगा की मुलगी? सृष्टीच्या आरंभापासून ही जोडी आहे, असं आपण धरूनच चालतो. आम्ही कवींनी तर त्या समजुतीवर कितीतरी वह्या भरल्या. डबक्यातलं शेवाळ मात्र निराळी हकिकत सांगतं.

क्लॅमिडोमोनास हे एकाच पेशीचं हिरवं शैवाल. पाण्यातलं नायट्रोजनचं खाद्य संपलं, की त्याच्या दोन पेशी जवळ येऊन एक होतात. दोन्ही आकारानं सारख्याच. ना कुणी नर, ना कुणी मादी. शास्त्रज्ञ त्यांना नुसतं 'धन' आणि 'ऋण' म्हणतात. तरीही धनाची जोडी जमते ती ऋणाशीच.

याच गोतातलं व्हॉल्व्हॉक्स म्हणजे शेकडो-हजारो पेशींचा, पाण्यात गरगरत जाणारा हिरवा गोळा. मुंबईत नोकरीला असलेले इंग्रज शल्यवैद्य हेन्री जॉन कार्टर यांनी त्याच्या फलनाचा अभ्यास करून १८५९ मध्ये लेख प्रसिद्ध केला. १८७८ मध्ये त्यातल्या एका जातीला त्यांचंच नाव मिळालं: व्हॉल्व्हॉक्स कार्टेरी. इथं नर आणि मादी वेगळे. मादीचं अंडं मोठं, शिदोरीनं भरलेलं. नराचे शुक्राणू बारीक, चपळ आणि पुष्कळ. त्यांच्या मीलनातून झालेली जाड कवचाची पेशी तळं आटलं तरी चिखलात दम धरून राहते आणि पाणी आलं की जागी होते.

मग सारख्या जोडीतून नर कोण झाला? उत्तराला कार्टरांनंतर जवळजवळ दीडशे वर्षं लागली. क्लॅमिडोमोनासच्या ऋण पेशीत 'मिड' नावाचं जनुक असतं, धन पेशीत नसतं. २००६ मध्ये जपानच्या हिसायोशी नोझाकी यांच्या गटाला प्लिओडोरिना या मधल्या शैवालात त्याचंच भावंड सापडलं, तेही फक्त नरात. म्हणजे ऋणाचा नर झाला, धनाची मादी. २०१४ मध्ये अमेरिकेत जेम्स उमेन यांच्या गटानं व्हॉल्व्हॉक्स कार्टेरीच्या मादीत हे जनुक घातलं, तर अंड्यांच्या जागी शुक्राणू तयार झाले. नरात ते दाबलं, तर अंडी!

माणसाची घडण वेगळ्या वाटेनं झाली. शेवाळाचा हिशेब आपल्याला जसाच्या तसा लागू होत नाही. पण लहान बीजपेशी देणारा तो नर आणि मोठी देणारी ती मादी, जीवशास्त्रात या शब्दांचा मूळ अर्थ इतकाच. थोरलं-धाकटं त्यात नाही. 'मुलगी झाली' हे सांगताना ज्यांचा आवाज आजही खाली येतो, त्यांनी त्याचं खापर निसर्गावर तरी फोडू नये.