मृत्युपत्रातली जमीन आणि मृत्युपत्रातली बेलिंडा

हार्वर्ड लॉ स्कूलचा इतिहास १८१७ पासून सांगायची पद्धत आहे. त्या वर्षी मॅसॅच्युसेट्समधल्या केम्ब्रिजला हे विद्यालय सुरू झाले, हे खरेच. पण त्याच्या पायात पडलेला पहिला पैसा कॅरिबियन समुद्रातल्या अँटिग्वा बेटावर, उसाच्या मळ्यात कमावलेला होता. म्हणून वाटचाल सांगायची तर तिथूनच सांगायला हवी.

थोरला आयझॅक रॉयल १७०० च्या सुमारास न्यू इंग्लंडहून अँटिग्वाला गेला. साखर, रम आणि माणसे यांच्या व्यापारात तो गब्बर झाला. १७३६ मध्ये बेटावरच्या गुलामांनी बंडाचा कट रचल्याचे जाहीर झाले. ८८ जणांना देहदंड झाला, त्यांतल्या ७७ जणांना जिवंत जाळले. रॉयलच्या मळ्यावरचा मुकादम हेक्टर हा त्यांपैकी एक. पुढच्याच वर्षी रॉयल कुटुंब बोस्टनजवळ मेडफर्डला, मिस्टिक नदीकाठी आधीच घेऊन ठेवलेल्या सुमारे ५०० एकरांच्या इस्टेटीवर राहायला आले. सोबत २७ गुलाम होते. त्यांच्यावरची जकात माफ व्हावी म्हणून रॉयलने वसाहतीच्या कायदेमंडळाकडे अर्ज केला होता.

१७३९ मध्ये तो वारला आणि सगळे धाकट्या आयझॅककडे आले. मळा, घर, जमीन, भांडीकुंडी आणि माणसेही. वारशात माणूस मिळणे तेव्हा मॅसॅच्युसेट्सच्या कायद्याला मंजूर होते. १७४१ मध्ये रॉबर्ट फीक या चित्रकाराने या धाकट्या रॉयलचे सहकुटुंब चित्र काढले. आज ते लॉ स्कूलच्याच मालकीचे आहे. गालिचा अंथरलेल्या टेबलाशी तरुण रॉयल उभा आहे, पत्नीच्या मांडीवर तान्ही मुलगी आहे, शेजारी बहीण आणि मेहुणी आहेत. तो गालिचा झटकणारे हात चित्रात नाहीत. मेडफर्डला मात्र त्या हातांची राहण्याची जागा अजून उभी आहे. गुलामांसाठी बांधलेली अशी स्वतंत्र इमारत अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांत दुसरी उरलेली नाही. रॉयल बापलेकांच्या काळात साठाहून अधिक माणसे त्या इस्टेटीवर गुलाम म्हणून राबली.

एप्रिल १७७५ मध्ये अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातली लेक्सिंग्टनची लढाई पेटायच्या तीन दिवस आधी रॉयल मेडफर्डहून निघाला तो परतलाच नाही. हॅलिफॅक्समार्गे तो इंग्लंडला गेला. १७७८ मध्ये त्याने मृत्युपत्र केले आणि १७८१ मध्ये देवीच्या साथीत तो वारला. या एकाच मृत्युपत्रात दोन कलमे आहेत आणि माझ्या मते लॉ स्कूलचा पुढचा सगळा इतिहास त्या दोन कलमांमधल्या अंतरात घडला. एका कलमाने मॅसॅच्युसेट्सच्या आतल्या भागातली जमीन हार्वर्डला दिली. तिच्या उत्पन्नातून कायद्याचा किंवा वैद्यकाचा प्राध्यापक नेमावा, अशी इच्छा. दुसरे कलम बेलिंडा नावाच्या गुलाम स्त्रीबद्दल. तिने स्वातंत्र्य मागितले तर ते द्यावे, पण ती मेडफर्ड गावावर भार होणार नाही याचा जामीन हवा. नाही मागितले, तर ती रॉयलच्या मुलीकडे जावी.

जामिनाची ही अट रॉयलच्या मनाची नव्हती. मालकांनी म्हातारे, थकलेले गुलाम मोकळे करून गावाच्या गळ्यात मारू नयेत म्हणून १७०३ पासूनच तिथे तसा कायदा होता आणि जामिनाची रक्कम ५० पौंड होती. आयुष्यभर फुकट राबलेल्या बाईने ५० पौंडांचा जामीन कुठून आणायचा, हा विचार कायदा करणाऱ्यांनीही केला नाही आणि मृत्युपत्र लिहिणाऱ्यानेही नाही.

बेलिंडा गप्प बसली नाही. फेब्रुवारी १७८३ मध्ये तिने मॅसॅच्युसेट्सच्या कायदेमंडळाकडे अर्ज केला. तेव्हा ती सत्तरीची होती. व्होल्टा नदीकाठचे बालपण, बारा वर्षांची होण्याआधीच झालेले अपहरण, जहाजात साखळदंडाने बांधलेली माणसे, हे सगळे त्या अर्जात आहे. मागणीही स्पष्ट आहे: रॉयलच्या संपत्तीत माझ्या पन्नास वर्षांच्या कष्टांची भर आहे, तेव्हा त्यातून मला आणि माझ्या आजारी मुलीला, प्राइनला, पोटापुरते द्या. लिहिता येत नसल्याने अर्जावर सहीच्या जागी तिची खूण आहे. कायदेमंडळाने रॉयलच्या इस्टेटीतून वर्षाला १५ पौंड १२ शिलिंग मंजूर केले. पैसे मिळाले आणि थांबले. ती पुन्हा अर्ज करत राहिली, पुढे बेलिंडा सटन या नावाने, १७९३ पर्यंत. मृत्युपत्राने वाऱ्यावर सोडलेल्या बाईने त्याच इस्टेटीवर हक्क सांगितला, हे मला या सगळ्या कथेतले सर्वांत मोठे कायद्याचे काम वाटते.

इकडे हार्वर्डने रॉयलची जमीन विकून पैसे साठवले. १८१५ मध्ये रॉयल अध्यासन सुरू झाले, राज्याचे सरन्यायाधीश आयझॅक पार्कर त्यावर बसले आणि त्यांच्याच सूचनेवरून दोन वर्षांनी विद्यालय निघाले. पुढे जोसेफ स्टोरींनी ते नावारूपाला आणले. सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती असताना त्यांनीच १८४२ मध्ये पळून गेलेल्या गुलामांना परत धरून नेण्याचा मालकांचा हक्क उचलून धरणारा निकाल लिहिला. १८६९ मध्ये जॉर्ज रफिन हे इथून पदवी घेणारे पहिले कृष्णवर्णीय ठरले. १९३६ मध्ये विद्यापीठाच्या त्रिशताब्दीच्या निमित्ताने विद्यालयाचे मानचिन्ह ठरले, ते रॉयल घराण्याच्या तीन गव्हाच्या पेंढ्यांचे. तेव्हा कुणालाही त्यात खटकले नाही.

हळूहळू खटकू लागले. एलेना केगन २००३ मध्ये डीन झाल्या. रॉयल अध्यासन परंपरेने डीनकडे जायचे. त्यांनी ते न घेता चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन यांच्या नावाचे अध्यासन घेतले. ह्यूस्टन याच विद्यालयाचे विद्यार्थी आणि वर्णभेदाविरुद्धच्या न्यायालयीन लढ्याचे शिल्पकार. २०१५ मध्ये विद्यार्थ्यांनी पेंढ्यांविरुद्ध आंदोलन उभारले आणि मार्च २०१६ मध्ये ते चिन्ह मागे घेतले गेले. इतिहासकार ॲनेट गॉर्डन-रीड यांचे मत वेगळे होते: पेंढ्या ठेवा, पण त्या ज्यांच्या कष्टातून आल्या त्यांच्याशी जोडून ठेवा. मला त्यांचे पटते. खूण पुसली की विचारायला कारण उरत नाही.

सप्टेंबर २०१७ मध्ये, द्विशताब्दीच्या वर्षी, आवारात एक शिळा बसवण्यात आली. ज्यांच्या कष्टांच्या संपत्तीवर विद्यालय उभे राहिले, त्या गुलामांच्या सन्मानार्थ ती आहे. शिळेवर कुणाचेही नाव नाही. पण अनावरणाच्या वेळी, तेव्हा रॉयल अध्यासनावर असलेल्या प्राध्यापक जॅनेट हॅली यांनी रॉयलच्या गुलामांची कागदोपत्री सापडलेली नावे मोठ्याने वाचली.

२०१९ मध्ये अँटिग्वा आणि बार्ब्युडाचे पंतप्रधान गॅस्टन ब्राउन यांनी हार्वर्डला पत्र लिहून भरपाई मागितली. २०२२ मध्ये हार्वर्डने गुलामगिरीशी असलेल्या आपल्या संबंधांचा अहवाल छापला आणि १० कोटी डॉलरचा निधी जाहीर केला. विद्यापीठाशी संबंधित लोकांनी राबवलेल्या गुलामांचे वंशज शोधण्याचे काम त्यातूनच हाती घेतले गेले. जानेवारी २०२५ मध्ये या कामावरच्या कर्मचाऱ्यांना कमी करून ते बोस्टनच्या एका वंशावळ संस्थेकडे सोपवण्यात आले.