तिरळेपणा: मूल मोठं झाल्यावर डोळा आपोआप सरळ होतो का?

'लहान आहे, मोठा झाला की होईल सरळ.' मुलाचा डोळा तिरका दिसला की घरात हे वाक्य हमखास ऐकू येतं. कुणी तर तिरळा डोळा भाग्याचा मानतात. या दोन्ही समजुतींमध्ये मुलाची नजर जाऊ शकते.

तिरळेपणात दोन्ही डोळे एकाच वेळी एका वस्तूवर रोखले जात नाहीत. एक समोर पाहतो, दुसरा नाकाकडे, कानाकडे, वर किंवा खाली वळतो. बाळाचे डोळे पहिले ३-४ महिने अधूनमधून हलले तर काळजीचं कारण नसतं. त्यानंतरही तसंच दिसलं तर तपासणी हवी. कधी नाकाचं मूळ रुंद असल्यामुळे डोळा नुसताच तिरका भासतो, पण ते डॉक्टरांनी ठरवावं. बाहुलीत पांढरी चमक दिसली तर मात्र एक दिवसही थांबू नये. ते क्वचित डोळ्याच्या कर्करोगाचं लक्षण असतं.

खरा धोका दिसण्याचा नाही. दोन डोळ्यांकडून दोन वेगळी चित्रं आली की लहान मुलाचा मेंदू त्यातलं एक सोडून देतो. त्या डोळ्याची नजर मग तयारच होत नाही. याला 'आळशी डोळा' म्हणतात. उपचाराचा सर्वांत चांगला फायदा साधारण ७-८ वर्षांच्या आत होतो. नंतर सुधारणा होते, पण कमी.

लांज्यातल्या बऱ्याच घरांचं एक पाऊल मुंबईत असतं. त्यामुळे 'मे महिन्यात मुंबईला नेऊन दाखवू' असं ठरतं आणि वर्ष निघून जातं. पहिल्या तपासणीसाठी मुंबईची गरज नाही. २०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा मुलांची तपासणी करतं. लांज्याच्या ग्रामीण रुग्णालयातून पुढची चिठ्ठी घेता येते. रत्नागिरीचं जिल्हा रुग्णालय सुमारे ४० किलोमीटरवर आहे.

उपचाराची सुरुवात बहुधा चष्म्याने होते. प्लस नंबर असलेल्या काही मुलांचे डोळे फक्त चष्म्याने सरळ होतात. डोळा आळशी असेल तर पट्टी लावतात, तीही चांगल्या डोळ्यावर! इथे घरच्यांचा गोंधळ होतो. कमकुवत डोळ्याला काम करायला लावायचं असतं, म्हणून चांगला झाकायचा. मध्यम त्रासात रोज २ तासही पुरतात. मूल पट्टी ओढून काढतं, तेव्हा ते २ तास गोष्टी, चित्रं, खेळ यांत घालवावेत.

शस्त्रक्रियेत डोळा बाहेर काढत नाहीत. प्रत्येक डोळा हलवणारे ६ स्नायू असतात. त्यांतल्या एक-दोघांची जागा किंवा ताण बदलतात. कधी दुसऱ्यांदाही करावी लागते. डोळा सरळ झाला म्हणजे नजर आली असं नाही, त्यामुळे चष्मा-पट्टी पुढेही चालू राहू शकते.

लग्न ठरत नाही म्हणून तिशीत डॉक्टरकडे जाणारेही असतात. 'आता उशीर झाला' असं त्यांना सांगितलं जातं, ते पूर्ण खरं नाही. आळशी डोळ्याची नजर फारशी परतत नाही, पण डोळा सरळ करण्याला वयाची अट नाही.

मोठ्या माणसाला अचानक एकाचे दोन दिसू लागले, तर ती वेगळी गोष्ट. मधुमेह, रक्तदाब, थायरॉईड किंवा मेंदूचा आजार त्यामागे असू शकतो. सोबत पापणी पडली, बोलणं अडखळलं किंवा डोकं भयंकर दुखलं, तर त्याच दिवशी, त्याच तासाला रुग्णालय गाठावं.