क्रीडांगणाचा शिल्पकार : डॉ. ॲलिस्टर मॅकेंझी

देवालये, राजवाडे आणि पूल उभारणाऱ्यांची चरित्रे लिहिली जातात. परंतु खेळाचे मैदान आखणाऱ्याचेही चरित्र असू शकते, ही कल्पना पुष्कळांस चमत्कारिक वाटेल. याचे कारण उघड आहे. क्रिकेटचे किंवा हॉकीचे मैदान म्हणजे सपाट केलेली जमीन. ते आखावयास दोरी आणि चुना पुरतो. गोल्फची गोष्ट निराळी आहे. या खेळास शंभर-दीडशे एकरांचा मुलूख लागतो. टेकाडे, ओढे, झाडी आणि वाळूचे खड्डे चुकवीत चेंडू काठीने टोलवावयाचा आणि एकामागून एक अशा अठरा भोकांत घालावयाचा. ज्यास सर्वांत कमी टोले लागतील तो जिंकला. म्हणजे येथे खेळाडूचा खरा प्रतिस्पर्धी जमीनच होय. ती त्यास कोठे अडवील व कोठे वाट देईल हे ठरविणारा मनुष्य केवळ मोजणीदार राहत नाही. तो एका अर्थाने नाटककार होतो. या कलेत ज्याचे नाव आज अग्रभागी घेतले जाते, तो मॅकेंझी मूळचा वैद्य होता.

त्याचा जन्म १८७० साली यॉर्कशरमधील नॉर्मंटन या गावी एका स्कॉटिश घराण्यात झाला. केंब्रिजला वैद्यकाचे शिक्षण घेऊन तो बोअर युद्धात शस्त्रवैद्य म्हणून दक्षिण आफ्रिकेस गेला. तेथे जखमा बांधता बांधता एका गोष्टीने त्याचे लक्ष वेधून घेतले. मूठभर बोअर शेतकरी बलाढ्य ब्रिटिश सैन्यास जेरीस आणीत होते, ते केवळ नेमबाजीच्या बळावर नव्हे. जमिनीचे उंचवटे, खडक व झुडपे यांचा आडोसा ते असा घेत की, खंदक कोणता आणि मूळची भूमी कोणती हे शत्रूस उमगत नसे. हा धडा मॅकेंझी कधी विसरला नाही. पहिल्या महायुद्धात तो वैद्यकीय पथक सोडून सैन्याच्या इंजिनियर खात्यात गेला आणि मोर्चे दृष्टीआड करण्याची, ज्यास ‘कॅमोफ्लाज’ म्हणतात ती, विद्या त्याने शिकविली. मैदान बांधणारा व मोर्चे लपविणारा या दोघांसही निसर्गाचीच हुबेहूब नक्कल करावी लागते, असे त्याचे ठाम मत होते.

त्याचा दुसरा गुरू म्हणजे त्याचा दवाखाना. सदोदित दाराशी येणाऱ्या कित्येक रोग्यांस त्याने मोठ्या मिनतवारीने गोल्फ खेळावयास लाविले, आणि त्यांतील क्वचितच कोणी पुन्हा औषधास आला, असे त्याने लिहून ठेविले आहे. वैद्यकीचा व्यवसाय सोडून मैदाने आखणे म्हणजे लोकांच्या आरोग्याशी नाते तोडणे, असे त्यास वाटले नाही, ते यामुळे. तो स्वतः दीर्घकाळ सामान्य प्रतीचाच खेळाडू होता, हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

गोल्फ मुळात स्कॉटलंडच्या वालुकामय समुद्रकाठचा खेळ. सेंट अँड्र्यूज येथील जुने मैदान कोणा एकाने आखलेले नाही. वारा, मेंढ्या आणि शतकानुशतके खेळणारी माणसे यांनी ते घडविले. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ समुद्रापासून आत सरकला, तेव्हा नवी मैदाने बांधणाऱ्यांनी सरळ रेषेत चर खणले, तटासारखे बांध घातले आणि दुबळा टोला मारणाऱ्यास शिक्षा हेच आपले कर्तव्य मानिले. या रुक्षपणाविरुद्ध जी पिढी उठली तिचा हॅरी कोल्ट हा अध्वर्यू होता. १९०७ साली लीड्सजवळ ॲलवुडली क्लब निघाला. त्याच्या आखणीत कोल्टबरोबर मॅकेंझीचा हात होता. १९१४ साली ‘कंट्री लाइफ’ पत्राने आदर्श ‘होल’च्या आराखड्यासाठी लाविलेल्या स्पर्धेत मॅकेंझीस बक्षीस मिळाले. त्या आराखड्यात भोकाकडे जाण्याच्या एक नव्हे, अनेक वाटा होत्या. ज्याने त्याने आपल्या बळाप्रमाणे निवड करावी.

१९२० साली त्याने ‘गोल्फ आर्किटेक्चर’ हे छोटे पुस्तक लिहून तेरा तत्त्वे मांडिली. त्यांतील दोन सर्वांत महत्त्वाची. कृत्रिम उंचवटे व खड्डे इतके स्वाभाविक दिसावेत की, परक्यास ते मूळचेच वाटावेत, हे पहिले. दुसरे असे की, धाडसी खेळाडूस पराक्रमाची संधी असावी, परंतु अशक्त खेळाडूसही दुसरी वाट मोकळी असावी. एकदोन टोले अधिक खर्चून का होईना, त्यास खेळाचा आनंद मिळावा. पहिले तत्त्व सैनिकाचे आहे, दुसरे वैद्याचे.

या तत्त्वांचे प्रत्यक्ष रूप त्याच्या उत्तरायुष्यात दिसते. १९२६ साली त्याने ऑस्ट्रेलियाचा प्रवास केला. रॉयल मेलबर्नचे पश्चिमेकडील मैदान हे त्याचे फळ. त्यानंतर कॅलिफोर्नियाच्या खडकाळ किनाऱ्यावर १९२८ साली सायप्रस पॉइंट खुले झाले. तेथील सोळाव्या ‘होल’साठी चेंडू समुद्रावरून सुमारे दोनशे यार्ड उडवावा लागतो. हे अशक्य, असे एका नामांकित रचनाकाराचे मत पडले होते. तेव्हा १९२१ ची अमेरिकन महिला-विजेती मेरियन हॉलिन्स हिने तेथेच चेंडू ठेवून तो पलीकडच्या टोकावर नेमका पोचविला! या ‘होल’चे श्रेय मॅकेंझीने मोकळेपणाने तिलाच दिले. ज्याच्या अंगी तेवढे बळ नाही त्याने मात्र डावीकडच्या जमिनीवरून वळसा घालावा, अशी सोय तेथेही आहेच.

१९३० साली चारही मोठ्या स्पर्धा जिंकून निवृत्त झालेल्या बॉबी जोन्सने जॉर्जियातील ऑगस्टा येथे आपले स्वप्नातले मैदान आखावयास मॅकेंझीसच बोलाविले. जागा एका जुन्या रोपवाटिकेची होती. मॅकेंझीने तेथे वाळूचे खड्डे केवळ बावीस ठेविले. जमिनीचा उतार हाच पुरेसा परीक्षक आहे, असा त्याचा विश्वास. परंतु १९२९ च्या आर्थिक कोसळण्याने धनिकांचे हात आखडले होते. ठरलेल्या मानधनाचा मोठा भाग त्यास मिळालाच नाही. त्यासाठी त्यास काकुळतीची पत्रे लिहावी लागली. गवत वाढून तयार झालेले ऑगस्टा त्याच्या दृष्टीस पडले नाही. ६ जानेवारी १९३४ रोजी कॅलिफोर्नियातील सांताक्रूझ येथे तो वारला. पुढे ‘मास्टर्स’ म्हणून जगभर गाजलेली स्पर्धा त्या मैदानावर प्रथम भरली ती त्याच वर्षीच्या मार्चमध्ये.

येथे चरित्रकारास एका अप्रिय गोष्टीपाशी थांबणे भाग आहे. ज्याने दुबळ्या खेळाडूसाठी प्रत्येक मैदानात वाट राखिली, त्याच्या सर्वांत प्रसिद्ध मैदानाचे फाटक मात्र माणसे निवडून उघडत होते. ऑगस्टा क्लबात कृष्णवर्णीय सभासदास १९९० पर्यंत आणि स्त्रीसभासदास २०१२ पर्यंत प्रवेश नव्हता. मॅकेंझीने बांधकामाच्या काळात आपल्या वतीने ऑगस्टाची पाहणी करावयास ज्या व्यक्तीस धाडिले, ती मेरियन हॉलिन्स होती. त्या क्लबात तिला सभासद होता आले नसते, हे लक्षात घेतले म्हणजे या विसंगतीचे स्वरूप स्पष्ट होते. दोष आखणाऱ्याचा नव्हे, हे खरे. तथापि कलेतील औदार्य समाजात आपोआप उतरत नाही, एवढे तरी यावरून शिकावे.

हॉलिन्सनेच वसविलेल्या पासाटिएम्पो येथे, १९२९ साली खुल्या झालेल्या आपल्याच मैदानाच्या कडेला घर करून मॅकेंझी अखेरपर्यंत राहिला. तेथे आजही शुल्क भरणाऱ्या बाहेरच्या माणसास खेळता येते. अशा कोणा नवशिक्याने ओढा टाळून वळशाची वाट धरावी, ती वाट निसर्गानेच ठेविली आहे असे समजावे, आणि ती कोणी विचारपूर्वक आपल्यासाठी राखून ठेविली आहे याची त्यास शंकाही येऊ नये, यातच मॅकेंझीच्या साऱ्या विद्येची सफलता आहे.